दुसरी साक्षीदार

कोर्टात लग्न करणाऱ्यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. चर्चमधली लग्नं मी घेत नाही. एकेकाळी घ्यायचे, पण नवरीची मावशी, नवऱ्याची आत्या, सावत्र आई फोटोत हवी की नको, कोण कोणाच्या शेजारी उभं राहणार नाही, या सगळ्यात माझ्या नाकी नऊ यायचे. माझं स्वतःचं लग्नही तसंच झालं होतं. दोनशे चाळीस पाहुणे, तीन मजली केक, आणि संसार टिकला तीन वर्षं. त्यानंतर माझं एक मत पक्कं झालं की लग्न बिघडवतात ते नातेवाईक, नवरा-नवरी नंतर.

आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात दर शुक्रवारी बारा ते एक जज ओकरलंडबाई लग्नं लावतात. एका लग्नाला बारा मिनिटं. दोन माणसं, एक जज, दोन साक्षीदार, संपलं. साक्षीदारांचंही मी सोपं करून ठेवलं होतं. इथे मिनेसोटात लग्नाच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि बरीच जोडपी कोणालाही न घेता येतात. मग पहिली सही लग्नाचे परवाने देणाऱ्या खिडकीवरची कारकून जनेल करते आणि दुसरी मी. माझ्या वेबसाइटवर पहिलीच ओळ होती, ‘कोणाला आणायची गरज नाही, साक्षीदार मी आहे.’ त्या ओळीमुळे मला निम्मी कामं मिळायची आणि तिचा मला अभिमान होता.

ती ओळ वाचूनच आर्डिस टॉलफसनबाईंनी मला फोन केला. ही गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. वय सहासष्ट, आवाज रविवारच्या शाळेत बायबल शिकवणाऱ्या बाईचा, आणि खरोखरच त्या एकतीस वर्षं तेच शिकवत होत्या. दोन तास गाडी चालवून त्या नवरदेवाला घेऊन आल्या आणि आम्ही कोर्टासमोरच्या कॅफेत भेटलो.

बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आमच्या गावात तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

"तुमचं गाव कोणतं?"

त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, नाही, कोणीच नाही.

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि कोट काढून खुर्चीला लावला.

नवरदेव मर्ल. एकाहत्तर वर्षांचे, चाकांच्या वॉकरला धरून चालणारे, एप्रिलमध्ये हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी कॉफी मागवली, दोन लेमन बार, म्हणजे लिंबाच्या गोड वड्या, मागवले, आणि एक आर्डिसबाईंच्या पुढे सरकवला. त्यांनी न बघता त्याचा कडेचा तुकडा मोडून परत मर्लच्या बशीत ठेवला. नव्या जोडप्यांना हे जमत नाही. मी मनात म्हटलं, ही काय पहिल्यांदा लग्न करणारी माणसं नव्हेत.

आर्डिसबाईंनी वही उघडली. सतरा फोटोंची यादी, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात. खिडकीवर परवाना घेताना. अंगठ्या. सही करताना हात. जजबाईंबरोबर. सोळा फोटो कोणीही मागेल असे होते. सतराव्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. पायऱ्या चढून दारातून आत जाताना. पाठमोरे. लांबून. थोडा धूसर. जुन्या फिल्मवर.

"हा शेवटचा असा का?" मी विचारलं.

"तो जुना दिसायला हवा."

"किती जुना?"

"एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा."

मी मर्लकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मग सगळं बाहेर आलं. चौऱ्याऐंशी साली दोघं भाड्याच्या ट्रकमध्ये सामान घालून त्या गावात राहायला आले. पुढच्या आठवड्यात कोर्टात जाऊन लग्न करायचं ठरलेलंच होतं. पण पहिल्याच संध्याकाळी गावच्या चर्चचे पास्टर आणि त्यांची बायको ओव्हनमधून काढलेला बटाट्याचा हॉटडिश घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, वेलकम, मिस्टर आणि मिसेस टॉलफसन. आर्डिसबाई थँक यू म्हणाल्या. तेवढंच. आता कोर्टात जावं तर परवाने घेणाऱ्यांची नावं दर गुरुवारी गावच्या पेपरात छापून येत, गाईगुरांच्या लिलावाच्या जाहिरातींशेजारी, आणि तो पेपर पास्टरच्या बायकोपासून पोस्टमास्तरपर्यंत सगळे शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. म्हणून म्हटलं, जरा थांबू. मग दिवस गेले. मग ब्रिटा झाली. मग रविवारची शाळा गळ्यात पडली. एकदा थांबलं की दर वर्षी आणखी अवघड होत गेलं.

"दर वर्षी मी म्हणायचो, चल," मर्ल म्हणाले.

"म्हणायचा तू. आणि त्या गुरुवारी पेपर कोणी उघडला असता? मी."

"मी उघडला असता."

"तू फक्त बेसबॉलचं पान उघडतोस."

"मग लग्नाची तारीख म्हणून लोकांना काय सांगायचात?" मी विचारलं.

"दहा नोव्हेंबर. कोणीतरी अचानक विचारलं, तोंडाला आली ती सांगितली."

"त्या दिवशी आम्ही हायवेवर गाडीचं टायर बदलत होतो," मर्ल म्हणाले. "दर वर्षी त्या तारखेला मला टायरच आठवतं."

आता अडचण अशी होती. मुलगी ब्रिटा, वय अडतीस, त्याच गावात शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, आईबापांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून चर्चच्या तळघरात पार्टी ठेवून बसली होती. चर्चच्या पत्रकात ते छापूनही आलं होतं. केकच्या टेबलावर लावायला तिला लग्नाचा एक फोटो हवा होता. फोटो तळघरात पाणी शिरून गेले, असं आर्डिसबाई तिला लहानपणापासून सांगत आल्या होत्या. ब्रिटा म्हणाली, एखादा तरी कोणाकडे असेलच, आणि तिने नातेवाईकांना फोन करायला सुरुवात केली. एकेकाला, यादी करून.

"तिला कळलं तर?" मी म्हटलं.

"कळता कामा नये," आर्डिसबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "तिला खोटं बोलायचं नाही असं मीच शिकवलंय. चमचाभर साखर चोरली म्हणून मी तिला शेजारणीकडे माफी मागायला पाठवलं होतं. आता तिच्यापुढे मी कोणत्या तोंडाने उभी राहू? बाकी गावाला काय वाटायचं ते वाटो. पण ती माझ्याकडे त्या नजरेने बघेल, ते मला सहन होणार नाही."

मग लग्नच कशाला करता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मर्लनी ते ओळखलं असावं.

"ऑपरेशनच्या आधी हिला सांगितलं होतं," ते म्हणाले, "बाहेर आलो तर कोर्टात जायचं. आलो बाहेर."

आर्डिसबाई वहीची कड सरळ करत राहिल्या. याच उन्हाळ्यात एका भाचीच्या मुलीकडून त्यांना कळलं होतं की परवाना राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातून काढता येतो. म्हणून इथवर आल्या. दोन तास लांब, जिथे कोणी ओळखत नाही.

मी मर्लना विचारलं, "तुम्हाला यादीत काही घालायचंय?"

"मला ब्रिटा असती तर बरं वाटलं असतं."

आर्डिसबाई काही बोलायच्या आत मीच बोलले. त्याची आठवण झाली की अजून जीभ चावते. मी म्हटलं, "काका, काळजी करू नका. कोणाला आणायची गरज नाही. साक्षीदार मी आहे." नेहमीच्या ठसक्यात म्हटलं. आर्डिसबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी माझा हात धरला. मर्लनी उरलेला लेमन बार कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

परवाना त्याच दिवशी काढायचा होता. खिडकीवर जनेल होती. तिने अर्ज पाहिला, मग दोघांकडे पाहिलं.

"दोघांचं आडनाव एकच?"

"हो," आर्डिसबाई म्हणाल्या.

"तुमचं आपसांत काही नातं आहे का? रक्ताचं? मला विचारावंच लागतं."

आर्डिसबाई कानापर्यंत लाल झाल्या. मर्ल म्हणाले, "चाळीस वर्षांचं आहे, पण रक्ताचं नाही."

जनेल हसली नाही. ती चांगली बाई आहे. तिने शिक्का मारता मारता फक्त एवढं विचारलं की जन्माचं आडनाव काय. ते लिहिताना आर्डिसबाई मध्येच थांबल्या. चाळीस वर्षांत ते लिहिलं नव्हतं. आपलंच नाव पहिल्यांदा लिहीत असल्यासारखं एकेक अक्षर त्यांनी जपून काढलं.

"दुसऱ्या जिल्ह्यातल्या लोकांना इथे परवाना मिळतो, हे कधीपासून?" लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"मला इथे बावीस वर्षं झाली. तेव्हापासून तरी आहेच."

"बावीस," मर्ल म्हणाले. "ब्रिटा सोळाची होती."

आर्डिसबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि ते जनेलला परत दिलं.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी लग्न होतं. मधल्या काळात आर्डिसबाईंनी मला नऊ ईमेल पाठवल्या. चौऱ्याऐंशी साली कोर्टाच्या दारावर आत्ताची अपंगांच्या उतरणीची पाटी नसेल, ती फोटोत येऊ नये. पार्किंगमधल्या गाड्या येऊ नयेत. मर्लचं टक्कल दिसू नये म्हणून हॅट आणतेय. वॉकर एक मिनिट बाजूला ठेवता येईल. मी सगळ्याला हो म्हटलं. मला एक प्रकारची मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. माझ्या वडिलांचा जुना फिल्मचा कॅमेरा कपाटातून काढला, फिल्मचे रोल मागवले, आणि दुपारी उन्हाची तिरीप पायऱ्यांवर कुठे पडते ते दोन दिवस आधी जाऊन बघून आले. एवढी तयारी मी कोणासाठी करत नाही.

त्या दिवशी आर्डिसबाई निळ्या कोटात आल्या, हातात पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ. मर्लचा सूट ऑपरेशननंतर सैल झाला होता. मी यादीप्रमाणे एकेक फोटो घेत गेले. जिना, लाकडी बाक, पितळी मूठ, अंगठ्या. आर्डिसबाई वहीत एकेकावर बरोबरची खूण करत होत्या. बारा वाजून वीस मिनिटांनी आमचा नंबर आला.

जज ओकरलंडबाई उभ्या राहिल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "तुमच्याबरोबर आज कोण आहे? त्यांना पुढे येऊ द्या, मागे कशाला बसायचं."

त्या हे सगळ्यांनाच विचारतात. कोणाची आई पुढे येते, कोणाचा मित्र. आर्डिसबाई म्हणाल्या, "कोणी नाही. फोटोवाल्या बाई आहेत."

मर्ल मागे वळून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. खुर्च्या साठ असतील. बघून झाल्यावर ते पुन्हा सावकाश जजबाईंकडे वळले. वचनं म्हणताना त्यांचा आवाज दोनदा बसला आणि जजबाई दोन्ही वेळा थांबल्या. आर्डिसबाईंनी मात्र सगळं स्पष्ट, न अडखळता म्हटलं, पाठ केल्यासारखं. फक्त अंगठी घालताना त्यांच्या लक्षात आलं की बोटात आधीचीच अंगठी आहे, आणि ती काढता काढता त्यांना रडू आलं. चाळीस वर्षांत ती निघाली नव्हती. जनेलने हात धुवायचा साबण आणून दिला. तोही फोटो मी काढला, यादीत नव्हता तरी.

मग सह्या. पहिल्या ओळीवर जनेल. दुसऱ्या ओळीवर मी. रोजच्यासारखी केली, तारीख घातली, पेन खाली ठेवलं.

बाहेर आलो. आता सतरावा. ऊन बरोबर हवं तिथे होतं. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन जागा घेतली. आर्डिसबाईंनी डोक्यावर छोटा जाळीचा पडदा लावला, मर्लच्या डोक्यावर हॅट ठेवली, वॉकर खांबामागे लपवला आणि त्यांच्या दंडात हात घालून दाराकडे तोंड केलं.

"आता चालत जा," मी पलीकडून ओरडले. "सावकाश."

मर्ल हलले नाहीत. आर्डिसबाईंनी त्यांना ओढलं. तरी नाहीत. मग त्यांनी हॅट काढली, कठड्याला धरत खांबापर्यंत गेले, वॉकर ओढला आणि त्याच्या बैठकीवर बसून राहिले. मी रस्ता ओलांडून परत आले.

"मर्ल, उन्हाची वेळ जाईल," आर्डिसबाई म्हणाल्या.

"जाऊ दे."

"एकच मिनिटाचं काम आहे."

"चाळीस वर्षं मी तुझ्यासाठी टायरच्या तारखेला केक खाल्लाय," मर्ल म्हणाले. "आज माझं लग्न झालं. आजच झालं. आणि तू मला आत्ताच सांगतेयस की तो दिवस आजचा नाही, पाठमोरा उभा राहा."

"ब्रिटाला काय सांगू मग?"

"जे झालं ते. तू सांग, नाहीतर मी सांगतो."

ते चिडून बोलले असते तर आर्डिसबाईंनी वाद घातला असता. पण ते थकून बोलले होते. आर्डिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी काही तोडगा काढीन अशा आशेने. माझ्याकडे तोडगे खूप असतात. त्या वेळी एकही सुचला नाही.

पडदा डोक्यावर तसाच ठेवून त्यांनी फोन काढला. मर्लना नीट ऐकू येत नाही म्हणून त्या घरी फोन नेहमी स्पीकरवर लावतात, तसं त्यांनी स्पीकरचं बटण दाबून फोन मर्लच्या बाजूला धरला. मलाही सगळं ऐकू येत होतं. बाजूला व्हायला हवं होतं, झाले नाही.

पलीकडे भांड्यांचा आवाज. शाळेतली जेवणं आटोपत होती.

"आई? बाबांना काही झालं का?"

"नाही. बाबा बरे आहेत. ब्रिटा, ऐक. तो फोटो." त्या थांबल्या. "तो फोटो पाण्यात गेला नव्हता. फोटोच नव्हता. आमचं तेव्हा लग्नच झालं नव्हतं. कधीच नव्हतं झालं. आज केलं. आत्ता, कोर्टात."

भांडी वाजत राहिली. कोणीतरी ब्रिटाला विचारलं, हे कुठे ठेवू, आणि ती म्हणाली, तिथे. मग ती बाहेर आली असावी, कारण आवाज बंद झाला.

आर्डिसबाई घाईघाईने बोलू लागल्या. पास्टर, हॉटडिश, पेपर, गुरुवार. सगळं तयार होतं त्यांच्याकडे. इतकी वर्षं मनात घोळवलेलं उत्तर असणार ते. ब्रिटाने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"तुमच्याबरोबर कोण होतं?" तिने विचारलं.

"कधी?"

"आत्ता. लग्नात. तुमच्या बाजूला कोण उभं होतं?"

"खिडकीवरची बाई होती. आणि फोटोवाल्या बाई."

फोन बंद झाला असं वाटून मर्ल वाकून बघायला लागले.

"तिथेच थांबा," ब्रिटा म्हणाली. "कुठे जाऊ नका." आणि फोन ठेवला.

मला जाता आलं असतं. माझे पैसे आधीच मिळाले होते, सोळा फोटो झाले होते. मी गेले नाही. कॅफेतून तिघांसाठी कॉफी आणली आणि कोर्टाच्या बाकावर बसले. आर्डिसबाईंनी पडदा काढून पर्समध्ये घातला. दोन तास त्या एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत मला विचारत होत्या. रागावली असेल का? आवाज रागाचा होता का? तुम्ही बाहेरच्या आहात, तुम्हाला काय वाटलं?

"मला तो रागाचा नाही वाटला," मी शेवटी म्हटलं.

"मग कसला?"

मला माहीत होतं कसला, पण ते माझ्या तोंडून निघेना. कारण त्या कागदावर माझी सही होती.

तीन वाजून गेल्यावर एक निळा पिकअप वेडावाकडा येऊन थांबला. ब्रिटा उतरली. धिप्पाड, बापाच्या चेहऱ्याची, अंगात शाळेच्या स्वयंपाकघराचा पांढरा सदरा, कपाळावर केसांच्या जाळीची रेघ उमटलेली. ती पायऱ्या चढून आली, आधी वाकून वडिलांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. आर्डिसबाई उठून उभ्या होत्या, हातात तोच गुच्छ.

ब्रिटा माझ्याकडे वळली. "तुम्ही फोटोवाल्या? सही तुम्ही केलीत?"

"हो."

"ती बदलता येते का?"

"नाही. लग्न लागताना जो हजर होता त्यालाच करता येते."

तिने मान हलवली. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ब्रिटा," आर्डिसबाई म्हणाल्या, "मला माहीत आहे, मी तुला जन्मभर खोटं सांगितलं. चर्चमध्ये काय सांगायचं ते मी स्वतः उभी राहून सांगेन. तुला मान खाली घालावी लागणार नाही. पार्टी रद्द करू. लोकांना मी..."

"लोकांचं मी बघते, आई. चाळीसच्या जागी दुसरं काहीतरी लिहू केकवर. लोक केक खातील आणि घरी जातील."

"मग तू अशी का बघतेयस माझ्याकडे?"

ब्रिटा रडायला लागली होती, पण आवाज सरळ होता. "माझ्या पहिलीतल्या नाटकाला तू होतीस. त्यात मी भोपळा होते, एक वाक्य नव्हतं मला. माझ्या प्रत्येक व्हॉलीबॉलच्या मॅचला होतीस, मी बाकावर बसलेली असायचे तेव्हासुद्धा. माझ्या लग्नात होतीस. घटस्फोटाच्या तारखेला असल्याच एका कोर्टात माझ्या शेजारी बसलीस. माझं एकही काही तू चुकवलं नाहीस. आणि तुझं एकच होतं, आई."

आर्डिसबाईंच्या हातातला गुच्छ खाली आला. पास्टरला, पेपरला, सगळ्या गावाला द्यायचं उत्तर त्यांच्याकडे होतं. याला नव्हतं.

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटेल," शेवटी म्हणाल्या.

"मी आले असते," ब्रिटा म्हणाली. "काल रात्री सांगितलं असतंस तरी आले असते."

मर्ल वॉकरला धरून उठले आणि दोघींच्या मधे जाऊन उभे राहिले. आर्डिसबाईंनी मुलीच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली, सोडली नाही, आणि तशाच रडत राहिल्या. ऊन पायऱ्यांवरून केव्हाच सरकलं होतं. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, फिल्ममध्ये अजून जागा होती. एकोणीस वर्षांच्या सवयीने हात वर गेला आणि मी तो खाली घेतला. त्या तिघांमध्ये आज एकदा मी उगाच उभी राहिले होते. मी पिशवी उचलली आणि खालच्या पायरीवर जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून, ती मला हाक मारतात का याची वाट बघत बसले.